मोसमी पावसाचे आगमन आणि पेरणीचा दिवस

मराठवाड्यातील शेतीचा फार मोठा भाग आजही आभाळाच्या पाण्यावरच पिकतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नांदेड जिल्ह्यात सरासरीने सुमारे ८०० मिलिमीटर, तर लातूर जिल्ह्यात सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, कापूस व खरीप ज्वारी या पिकांची गरज एवढ्या पावसात भागू शकते. तरीही पिके हातची जातात. ती दर वेळी पाऊस एकंदरीत कमी पडल्यामुळे जातात असे नाही. पाऊस अवेळी येतो, किंवा येऊन मध्येच दडी मारतो, म्हणूनही ती जातात. आणि या दुसऱ्या प्रकारच्या नुकसानीपैकी काही भाग तरी पेरणीचा दिवस नीट निवडल्यास टाळता येण्यासारखा असतो. यासाठी पाऊस कोठून येतो, तो का थांबतो आणि त्याची चाल कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे व शेतकरी बंधूंना समजावून देणे अगत्याचे आहे.

२०२५ सालचे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात पोहोचला आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर त्याचे आगमन झाल्याची यापूर्वी नोंद नव्हती. मे महिना संपण्यापूर्वीच मोसमी पावसाची उत्तर सीमा मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद अशा रेषेपर्यंत सरकली, म्हणजे लातूर व नांदेड हे दोन्ही जिल्हे त्या सीमेच्या आत आले. एरवी आपल्याकडे हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घडते. रोहिणी नक्षत्रातच पाऊस दाखल झाल्याचे वर्तमानपत्रांतून वाचून अनेकांनी तिफणी बाहेर काढल्या. परंतु ती सीमा तेथेच थबकली, आणि सुमारे जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकली नाही. आगमनाची घोषणा खोटी नव्हती, शास्त्राच्या कसोटीवर ती खरीच होती. मात्र तीतून पेरणीला लागणारी ओल मिळाली नव्हती.

मोसमी पाऊस ही एकाच गतीने चालणारी गोष्ट नव्हे. तिच्यात निदान तीन गती एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिली सूर्याची, जी दरवर्षी बहुतेक वेळेवर येते. दुसरी समुद्रावरील ढगांच्या समूहाची, जी काही आठवड्यांच्या अंतराने फेरा धरते. तिसरी महासागराच्या उष्णतेची, जी काही वर्षांच्या अंतराने बदलते. पेरणीशी सर्वांत जवळचा संबंध दुसरीचा आहे, आणि दुर्दैवाने तिच्याविषयीच गावात सर्वांत कमी बोलले जाते.

सूर्य आणि वारा

लातुरात मे महिन्याच्या १३ तारखेच्या सुमारास, तर नांदेडात त्यानंतर तीन-चार दिवसांनी भरमध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. तेथून सूर्य आणखी उत्तरेस सरकतो. राजस्थान व त्यापलीकडील वाळवंटी प्रदेश तापून तेथे हवेचा दाब उतरतो. उलटपक्षी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मादागास्कर व मॉरिशस यांच्या बाजूच्या समुद्रावर त्या वेळी हिवाळा असल्यामुळे हवेचा दाब जास्त असतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा वाहू लागते. केनिया व सोमालिया यांच्या किनाऱ्यालगत ती विषुववृत्त ओलांडते, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळते आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा होऊन आपल्याकडे येते. सुमारे दीड किलोमीटर उंचीवर हा वारा एखाद्या अरुंद नदीसारखा वेगाने वाहतो. १९६९ मध्ये फिंडलेटर या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास त्यांचे नाव मिळाले आहे. याहून पुष्कळ उंचावर, सुमारे १४ किलोमीटरच्या आसपास, पावसाळ्यात वारा उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. हा पूर्वेकडील वेगवान प्रवाह भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये प्रकाशात आणला. खालचा व वरचा असे दोन्ही प्रवाह स्थिर झाले म्हणजे मोसमी ऋतू खऱ्या अर्थाने सुरू झाला असे समजावे.

आता आपल्या दोन जिल्ह्यांची अडचण पाहू. नैर्ऋत्येचा ओला वारा सह्याद्रीला आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि कोकणात व घाटमाथ्यावर आपले पाणी रिते करतो. डोंगर ओलांडून तो पूर्वेस उतरतो तेव्हा पुन्हा तापतो व कोरडा होतो. यास पर्जन्यछाया म्हणतात. म्हणूनच कोकणात धो धो पाऊस कोसळत असता औसा, निलंगा भागात दिवसभर भन्नाट वारा, आभाळ भरलेले, आणि पाऊस मात्र भुरभुर, असे जुलैमध्ये वारंवार दिसते. हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. परंतु मुंबईच्या पावसाची बातमी ऐकून आपल्याकडेही आता येईलच, असा समज तरीही होतो. तसे होईलच असे नाही. पश्चिमेचा वारा आपल्याला केवळ ओलावा पुरवितो. त्या ओलाव्याचा पाऊस होण्यासाठी हवा वर उचलणारे दुसरे काहीतरी लागते, आणि ते बहुधा पूर्वेकडून येते.

बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे निर्माण होतात व ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ किंवा तेलंगण या वाटेने पश्चिमेस सरकतात. त्यांच्या दक्षिण अंगास व मार्गावर चांगला पाऊस पडतो. नांदेड जिल्हा या वाटेला अधिक जवळ आहे, त्यातही किनवट व माहूर सर्वांत जवळ. म्हणून तेथे लातूरपेक्षा पाऊस अधिक पडतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर चढले आणि त्याचा उरलेला भाग तेलंगणातून मराठवाड्यावर आला. मांजरा व तेरणा या नद्यांना त्या वेळी आलेला पूर या भागातील लोक विसरलेले नाहीत. लातूरच्या शेतकऱ्याने कोकणाकडे पाहण्याऐवजी बंगालच्या उपसागराकडे लक्ष ठेवावे, असे मी नेहमी सांगतो. काहींना ते विचित्र वाटते, कारण समुद्र म्हटला की आपण पश्चिमेकडेच बोट दाखवितो.

समुद्रावरील फेरा

पावसाळा सुरू झाल्यावर तो एकसारखा पडत नाही. झड लागते, मग उघडीप होते, पुन्हा झड लागते. ही उघडीप केवळ योगायोगाने होते असे पूर्वी मानले जाई. १९७१ मध्ये रोलंड मॅडन व पॉल ज्युलियन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी पॅसिफिक महासागरातील बेटांवरील वाऱ्याच्या व हवेच्या दाबाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना त्यात एक ठराविक आवर्तन आढळले. हिंद महासागरावर हजारो किलोमीटर रुंदीचा एक ढगांचा व पावसाचा समूह उभा राहतो आणि विषुववृत्तालगत पूर्वेस सरकत जातो. त्याचा वेग साधारणपणे ताशी १५ ते ३० किलोमीटर, म्हणजे सायकलस्वाराइतका असतो. त्याच्या मागोमाग कोरड्या, खाली बसणाऱ्या हवेचा तितकाच विस्तीर्ण पट्टा येतो. पृथ्वीभोवतीचा हा फेरा ३० ते ६० दिवसांत पुरा होतो. यास मॅडन-ज्युलियन आंदोलन म्हणतात.

ढगांचा हा समूह हिंद महासागरावर असतो तेव्हा मोसमी पावसाचे आगमन लवकर होण्यास, आणि आलेला पाऊस जोर धरण्यास अनुकूलता मिळते. तो पॅसिफिककडे निघून गेला म्हणजे आपल्यावर कोरडा पट्टा येतो व पावसात खंड पडतो. शिवाय पावसाळ्यात पावसाचे पट्टे विषुववृत्ताकडून उत्तरेसही चढत जातात. डी. आर. सिक्का व सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहाची छायाचित्रे दिवसामागून दिवस तपासून १९८० मध्ये हे दाखवून दिले. हे पट्टे दिवसाला सरासरी एक अक्षांश, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटर उत्तरेस जातात. दक्षिण केरळापासून लातूरपर्यंतचे अंतर सुमारे दहा अक्षांशांचे आहे. म्हणजे पट्टा न रेंगाळता आला तर दहा दिवस. सुलोचना गाडगीळ या मूळच्या पुण्याच्या. त्यांनी पुढे आंध्रातील अनंतपूर भागात भुईमुगाच्या पेरणीचा काळ व पावसाच्या जुन्या नोंदी यांचा मेळ घालण्याचेही काम केले. पावसाचे शास्त्र शेताच्या बांधापर्यंत आणणाऱ्या शास्त्रज्ञांत त्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या फेऱ्याचे मान नक्षत्रांत सांगितले तर शेतकऱ्यांच्या ध्यानात चटकन येते. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो. मृग ७ किंवा ८ जूनला लागते, आर्द्रा २१-२२ जूनला आणि पुनर्वसू ५-६ जुलैला. म्हणजे समुद्रावरील एक पूर्ण फेरा दोन ते चार नक्षत्रांचा होतो, आणि त्यातील अनुकूल भाग एखाद-दीड नक्षत्र टिकतो. मृगाच्या आरंभी अनुकूल भाग आला तर मृग बरसते आणि आर्द्रा कोरडी जाण्याचा धोका राहतो. रोहिणीतच तो येऊन गेला, तर मृग कोरडे जाऊ शकते.

नक्षत्रांवरून ऋतू ओळखणाऱ्या आपल्या पूर्वजांचे निरीक्षण उत्तम होते, यात शंका नाही. परंतु नक्षत्र सूर्याची जागा सांगते, समुद्राची अवस्था सांगत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, नक्षत्रांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्यामुळे सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या हिशेबाने नक्षत्रे ऋतूंच्या पुढे सरकत आहेत. पाचशे वर्षांपूर्वीच्या मानाने आजचे मृग ऋतूच्या हिशेबात सुमारे सात दिवसांनी उशिरा लागते. पंचांगात मृगाचे वाहन बेडूक दिले आहे की म्हैस, यावरून बियाण्याच्या पिशव्या फोडणे तर मुळीच इष्ट नाही.

महासागराची उष्णता

तिसरी गती सर्वांत मंद. पॅसिफिक महासागराच्या पश्चिम भागात, इंडोनेशियाच्या बाजूस, पाणी फार उबदार असते. तेथे चुलीवरच्या वाफेप्रमाणे हवा वर चढते आणि हजारो किलोमीटर दूर दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील थंड पाण्यावर खाली उतरते. काही वर्षी हे उबदार पाणी पूर्वेकडे पसरते. मग हवा वर चढण्याचे ठिकाणही पूर्वेस सरकते आणि भारताच्या बाजूस हवा खाली बसू लागते. खाली बसणारी हवा ढग वाढू देत नाही. या अवस्थेस एल निनो म्हणतात. पेरू देशातील कोळ्यांना नाताळच्या सुमारास किनाऱ्यावर उबदार पाणी येत असल्याचे जाणवे, म्हणून त्यांनी त्यास बाळ येशूचे नाव दिले. याच्या उलट, पूर्वेकडील पाणी नेहमीपेक्षा थंड झाले म्हणजे ला निना. त्या वर्षी आपल्याकडे बहुधा पाऊस चांगला होतो.

समुद्रापलीकडील हवेच्या दाबाचा आपल्या पावसाशी संबंध आहे, हे प्रथम दाखविणारे गिल्बर्ट वॉकर हे भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. १९०४ ते १९२४ हा त्यांचा कार्यकाल. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाचा अंदाज करता आला नव्हता, ती खंत त्यांच्या कामामागे होती. त्या काळी उपग्रह नव्हते, गणकयंत्रे नव्हती; जगभरच्या वेधशाळांतील आकडे कारकुनांकडून हाताने मांडून घेऊन त्यांनी हे नाते शोधले.

मात्र एल निनो म्हणजे दुष्काळ, असे समीकरण करू नये. १९७२ साली एल निनो होता आणि मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला, हे खरे. पण १९९७ साली शतकातील अत्यंत प्रबळ एल निनोंपैकी एक असताही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. त्याचे एक कारण हिंद महासागरात सापडते. आफ्रिकेकडील बाजू उबदार व इंडोनेशियाकडील बाजू थंड असली म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या वाऱ्यास ओलावा अधिक मिळतो आणि एल निनोची मात्रा काही अंशी उतरते. यास हिंद महासागरीय द्विध्रुव म्हणतात. १९९९ मध्ये एन. एच. साजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे वर्णन केले. आणि २०१४ साली एल निनो नीट प्रस्थापित झालेला नसतानाही मराठवाड्यात पावसाची तूट सुमारे चाळीस टक्के होती.

२०१५ चा खरीप

माझ्या नोकरीतील पहिला खरीप २०१५ चा. त्या वर्षी एल निनो प्रबळ होता व तसे इशारेही दिले गेले होते. परंतु जून महिन्यात देशभर पाऊस सरासरीपेक्षा १६ टक्क्यांनी जास्त झाला. आमच्या मंडळातही मृगात पाऊस आला. मी पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला. चावडीत लोक जमले होते, त्यांना मी मोसमी पाऊस दाखल झाल्याचे वृत्त वाचून दाखविले आणि पेरण्या उरकून घ्या असे सांगितले. किती ओल गेली आहे हे मी स्वतः कोणत्याही शेतात खणून पाहिले नव्हते. पुढचे तीन आठवडे पुढे काय येणार आहे, हेही विचारले नव्हते. जुलैमध्ये देशाचा पाऊस सरासरीपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाला आणि मराठवाड्यात तर तो जवळजवळ नाहीसाच झाला. सोयाबीनची रोपे दोन पानांवर करपली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पुन्हा बियाणे आणले; ज्यांच्याकडे नव्हता त्यांचे रान तसेच पडले. एका वयस्क शेतकऱ्याने मला एवढेच सांगितले : “साहेब, पाऊस आलता, पाणकळा नव्हता आलता.” त्यांनी माझ्या सांगण्यावरून पाच एकर पेरले होते.

एल निनोच्या वर्षातही समुद्रावरील फेऱ्याचा अनुकूल भाग जूनमध्ये येऊ शकतो, हे मला त्या वेळी कळले असते तर मी निराळे बोललो असतो. मंद गती प्रतिकूल आणि जलद गती तात्पुरती अनुकूल, असा तो प्रसंग होता. अशा वर्षी पहिला पाऊस सर्वांत फसवा असतो.

त्या हंगामाची अखेर सर्वांना माहीत आहे. मराठवाड्यात त्याही वर्षी पावसाची तूट सुमारे चाळीस टक्के राहिली, मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी व पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून पंचवीस लाख लिटर येऊ लागले. एक एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर पाणी पडते. या हिशेबाने पन्नास वाघिणींची ती गाडी म्हणजे दहा एकरांवर पडलेला सुमारे ६२ मिलिमीटरचा एक पाऊस.

२०२३ सालचा क्रमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या वर्षी एल निनो उभा राहत होता. केरळात आगमन ८ जूनला झाले. त्याच सुमारास अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ उठले आणि १५ जूनच्या रात्री गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्यावर चढले. मधल्या काळात मोसमी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत येऊन तेथेच अडकला आणि राज्याच्या उर्वरित भागात २५ जूनच्या सुमारास पसरला. नंतर ऑगस्टमध्ये देशाचा पाऊस ३६ टक्क्यांनी कमी पडला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. फुलोऱ्यात व शेंगा धरताना सोयाबीनला तो ताण बसला.

पेरणी केव्हा करावी

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची व कृषी विभागाची शिफारस स्पष्ट आहे : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वाफसा आल्यावर पेरावे. या आकड्यामागील कारण आपल्या काळ्या जमिनीत आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडलेल्या असतात. पहिला पाऊस या भेगांत उतरतो, वरचा थर फुगतो, भेगा मिटतात आणि वरून जमीन ओलीचिंब दिसते. खाली मात्र कोरडे ढेकूळच असते. ३०-४० मिलिमीटर पावसावर पेरलेले सोयाबीनचे बी आपल्या वजनाच्या निम्म्याइतके पाणी शोषून फुगते, कोंब फुटण्याच्या बेतात येते, आणि तेवढ्यात ऊन व वारा वरची ओल ओढून नेतात. मग ते बी कुजते किंवा वाळते. उथळ मुरमाड रानात हा धोका अधिक लवकर येतो, कारण तेथे ओल धरून ठेवण्यास मातीच कमी.

यास्तव केवळ आकाशाकडे न पाहता खुरप्याने किंवा कुदळीने शेतात तीन-चार ठिकाणी खणून पाहावे. वीतभर खोलीपर्यंतची माती मुठीत दाबल्यावर तिचा गोळा व्हावा, आणि तो हाताला न चिकटता बोटाने मोडावा. वरची ओल आणि खालची ओल यांची गाठ पडलेली असावी. पावसाचे मोजमाप गावातच करता येते. सरळ बाजूंचा, तळ सपाट असलेला एखादा डबा झाडा-भिंतीपासून दूर उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी ठराविक वेळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी. दहा मिलिमीटर म्हणजे एक सेंटिमीटर. महसूल मंडळाच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, परंतु मंडळाच्या गावी पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असे नसते. आपल्याकडील पाऊस कित्येकदा ओढ्याच्या एका काठी पडतो व दुसऱ्या काठी पडत नाही.

ओल पुरेशी आहे असे ठरल्यावर दुसरा प्रश्न विचारावा : पुढील दोन आठवड्यांत काय येणार? भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज प्रसिद्ध करतो. मॅडन-ज्युलियन आंदोलन कोठे पोहोचले आहे, याचा उल्लेखही त्यात असतो. परभणीच्या विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी निघते. ग्रामपातळीवरील कर्मचाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी नियमाने वाचाव्यात आणि त्यांतील मराठवाड्याविषयीच्या ओळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहाव्यात. पहिल्या दोन आठवड्यांच्या अंदाजावर बराच भरवसा ठेवता येतो, तिसऱ्या-चौथ्यावर कमी. हेही लोकांना सांगून टाकावे. २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पावसाच्या स्थानिक आगमनाचा अंदाज भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून कळविला होता. त्या वर्षीच्या आगमनानंतरचा खंडही त्यात आगाऊ सूचित झाला होता. केरळातील तारखेपेक्षा आपल्या गावातील तारीख महत्त्वाची, हे तत्त्व त्यामागे आहे आणि ते मला पूर्णपणे पटते.

ओल आहे आणि अंदाजात खंड नाही, तर एक दिवसही दवडू नये. येथे उलट प्रकारची चूक होते, तीही सांगितली पाहिजे. एकदा हात पोळलेला शेतकरी पुढच्या वर्षी वाट पाहत बसतो आणि चांगला वाफसा गमावतो. मूग व उडीद ही कमी दिवसांची पिके जून अखेर, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरली जावीत. सोयाबीन व कापूस १५ जुलैपर्यंत पेरता येतात. त्यानंतर तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी यांकडे वळावे. जुलैच्या उत्तरार्धात पेरलेल्या सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या वेळी परतीच्या पावसाचा भरवसा धरता येत नाही. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतल्यास ऑगस्टचा खंड सोयाबीनला बाधला तरी तूर उभी राहते, कारण तिची मुळे खोल जातात आणि तिला सप्टेंबरच्या पावसाचा लाभ होतो.

बियाण्याविषयी थोडे. घरचे सोयाबीन वापरणार असल्यास मे महिन्यातच ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहावी. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर हेक्टरी ७५ किलो बी पुरे. तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये. सर्व बियाणे एकाच पावसावर न टाकता, शक्य असल्यास हलकी व भारी रानें निरनिराळ्या दिवशी पेरावीत.

रुंद वरंबा व सरी पद्धतीचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. खंड पडला तर सरीत मुरलेले पाणी उपयोगी पडते, आणि झड लागली तर जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते. २०२५ साली आगमनानंतरच्या कोरड्या पंधरवड्यापाठोपाठ ऑगस्टच्या मध्यास मुखेड तालुक्यात अतिवृष्टी होऊन पूर आला आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातील नद्यांनी पुन्हा पात्र सोडले. एकाच हंगामात दोन्ही टोके दिसली. सपाट पेरलेल्या चिबड रानात पीक पिवळे पडून गेले असता, त्याच शिवारात वरंब्यावरचे पीक हिरवे राहिल्याचे मी पाहिले आहे. पुरापुढे मात्र कोणत्याच पद्धतीचा इलाज चालत नाही.

ज्या गावांत पावसाची रोजची नोंद ठेवण्याची इच्छा आहे, त्यांनी एक साधी वही घालावी. तीत तारीख, नक्षत्र, पाऊस मिलिमीटरमध्ये, वाऱ्याची दिशा आणि त्या दिवशी गावात काय पेरले गेले, असे पाच रकाने आखावेत. वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि ती लिहिण्याचे काम एकाच्या गैरहजेरीत दुसऱ्याने करावे. कोरडा दिवसही शून्य म्हणून लिहावा. खंड किती दिवसांचा होता ते त्या शून्यांवरूनच मोजता येते.